मागच्या सीटवरचा इंडिकेटर

"अगं, आख्ख्या शहराचे फोन या दोन हातांनी जोडलेत! हे चार दिवे म्हणजे चहा गार व्हायच्या आतलं काम!"

असं भाऊ सकाळी सकाळी लेकीला फोनवर म्हणाले, आणि तिथेच माशी शिंकली. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही जोडायला सांगितलं नव्हतं. हात नुसते शिवशिवत होते.

"बाबा, ठरलंय ते लक्षात आहे ना?" लेक म्हणाली. "आज तपासणीत पास झाली तर फटफटी राहील. नाही झाली तर संध्याकाळी भंगारवाल्याचा टेंपो येईल. या वयात तुम्ही त्या धुडावरून पडलात म्हणजे?"

"नापास झाली तर मी स्वतः तिला टेंपोत चढवून देईन! वर टेंपोवाल्याला चहा पाजीन!"

फोन ठेवल्यावर मात्र भाऊ तडक अंगणात फटफटीपाशी गेले. फटफटी लेकीपेक्षाही वयाने मोठी होती. भाऊंच्या पहिल्या पगारावर आलेली, आणि वहिनी लग्न होऊन घरी आल्या त्याही तिच्यावरूनच. (सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी.) तपासणीसाठी भाऊंनी तिला महिनाभर खपून नटवली होती. टाकीला काळा रंग, चाकांना काळा रंग, नटबोल्ट काढून त्यांच्याखालीही काळा रंग! तोही तीन तीन हात. आरशासारखी चमकत होती. फक्त उजवीकडचे दोन्ही इंडिकेटर लागत नव्हते.

भाऊंनी बल्ब बदलले. ढिम्म! ती टिकटिक करणारी फ्लॅशरची डबी बदलली. डावीकडचे दिवे पूर्वीपेक्षा जोरात उघडझाप करायला लागले, उजवीकडे अंधार तो अंधारच.

"वायरिंगमध्येच गडबड आहे," भाऊंनी निदान केलं आणि सीट काढली, टाकी काढली, हेडलाइट काढला. आतून वायरींचा गुंता बाहेर आला. एकेकाळी लाल, हिरव्या, पिवळ्या असलेल्या त्या वायरी आता सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. पण भाऊ कुठे डगमगतात! एक्स्चेंजमध्ये त्यांची शिस्तच होती, खूण केल्याशिवाय तार सोडायची नाही. घरात खुणेला काय मिळणार? दोरीवर कपड्यांचे रंगीत चिमटे होते. लाल चिमटा हॉर्नला, निळा ब्रेकच्या दिव्याला, पिवळा उजव्या इंडिकेटरला, हिरवा डाव्याला. मग वायरी सोडून, टोकं घासूनपुसून लख्ख केली आणि भाऊ हात धुवायला आत गेले.

परत येऊन बघतात तो एकही चिमटा जागेवर नाही! अंगणात दोरीवर चादरी मात्र ऐटीत फडफडत होत्या.

"अगं, माझे चिमटे!"

"तुमचे कधीपासून झाले?" वहिनी म्हणाल्या. "चादरी काय वाऱ्यावर सोडू?"

"त्या खुणा होत्या! कुठली वायर कशाची, ते त्यांच्यावर होतं!"

"मग सांगायचं नाही का आधी? मला वाटलं, फटफटीही वाळत घातली तुम्ही!"

आता अंदाजावर काम आलं. भाऊंनी डोळे मिटून जुनं काही आठवतंय का पाहिलं आणि एकेक वायर जोडली. मग मोठ्या विश्वासाने ब्रेक दाबला. हेडलाइट लागला! हेडलाइटचं बटण दाबलं. हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला!

पोंssssss!

समोरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावत आला. "भाऊ, आग लागली का कुठे?"

"हॉर्न अडकलाय!" भाऊ ओरडले.

"काय?"

"हॉर्न!"

"तो ऐकू येतोय हो! झालंय काय ते सांगा!"

शेवटी शिंप्याने खिशातल्या चिंध्यांचा बोळा हॉर्नच्या तोंडात कोंबला. आवाज गेला नाही, पण घसा बसल्यासारखा झाला. भाऊंनी घाईघाईने दोन वायरी उपटल्या, उलटसुलट केल्या, तेव्हा कुठे गल्लीला हायसं वाटलं. ब्रेकचा दिवा ब्रेकवर लागू लागला, हेडलाइट ताळ्यावर आला. पण उजव्या दिव्यांचं बटण सरकवून बघायची हिंमत होईना!

तपासणीची वेळ होत आली. भाऊ पायरीवर मटकन बसले. वहिनी चप्पल घालून बाहेर आल्या.

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर. नापास झाली तर तुम्हाला रडत रडत घरी कोण आणणार?"

वहिनी मागे बसल्या आणि भाऊंना एकदम ते दिवस आठवले. तेव्हा फटफटीला इंडिकेटर नव्हतेच. वळायचं झालं की भाऊ मागे हात नेऊन वहिनींच्या गुडघ्यावर बोटं वाजवायचे. एकदा वाजवली की डावीकडे, दोनदा वाजवली की उजवीकडे. की वहिनींचा हात झोकात बाहेर! बांगड्या वाऱ्यावर वाजायच्या. मग लेकीची चाहूल लागली. आता हिच्या हातात बाळ असणार म्हणून भाऊंनी बाजारातून इंडिकेटर आणले आणि एका रविवारी स्वतः बसवले. तेव्हापासून वहिनींचा हात आत राहिला तो राहिलाच.

तपासणीचा साहेब तरुण होता. त्याने फटफटीभोवती फेरी मारली. "ब्रेक?" दिवा लागला. "डावा?" टिकटिक, टिकटिक. "झकास! उजवा?"

भाऊंनी देवाचं नाव घेऊन बटण सरकवलं.

पोंs! घसा बसलेल्या आवाजात हॉर्न म्हणाला.

साहेब दचकून मागे सरकला. भाऊंच्या डोळ्यांपुढे टेंपो उभा राहिला. आणि काय करतोय हे कळायच्या आत त्यांचा हात मागे गेला, गुडघ्यावर दोनदा बोटं वाजली, आणि वहिनींचा उजवा हात ताठ बाहेर आला!

साहेब बघतच राहिला. मग खो खो हसत सुटला. हसता हसता खाली वाकून त्याने उजव्या दिव्याचा बोल्ट नखाने खरवडला. "रंग कुणी दिला?"

"मी! तीन हात!"

"म्हणूनच! इथे लोखंडाला लोखंड लागायला हवं, नाहीतर करंट परत कसा जाणार? खालीच रंग फासलात! डावीकडचा बोल्ट आवळताना खरवडला गेला, म्हणून ते दिवे वाचले. वायरिंगला हात लावायची गरजच नव्हती."

भाऊंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "म्हणजे नापास?"

"अहो, या मॉडेलला कंपनीने इंडिकेटर दिलेच नव्हते! नसले तर हाताचा इशारा चालतो. लावलेत म्हणून चालू हवेत. आत्ता काढून टाका, पास करतो."

"पण हात तर हिचा..."

"कुणाचा हात, ते नियमात नाही. काढा चटकन!"

भाऊंनी चारही दिवे काढले. फटफटी पास झाली! लेकीला फोन लावून त्यांनी आधी टेंपोवाल्याचा चहा रद्द करून टाकला.

परतीच्या वाटेवर चारही दिवे वहिनींच्या पिशवीत खुळखुळत होते. चौक आला. भाऊंनी गुडघ्यावर एकदा बोटं वाजवली. वहिनींनी उजवा हात काढला.

"अगं, एकदा वाजवली! एकदा म्हणजे डावीकडे!"

"घर उजवीकडे आहे."

भाऊ उजवीकडे वळले. मग त्यांना शंका आली. "आधी कधी असं चुकलं होतं का माझं?"

"दर दोन दिवसांनी. मी कुठे तुमची बोटं मोजत होते? रस्ता बघून हात काढायचे."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का! मी आपला इतकी वर्षं उगाच..."

"उगाच कशाला?" वहिनी म्हणाल्या. "मला आवडायचं ते. तुमचे ते मेले दिवे आले, आणि बंद झालं."

पुढचा रस्ता घरापर्यंत सरळच होता. तरी भाऊंनी हात मागे नेला आणि बोटं वाजवली. किती वेळा, ते त्यांनीही मोजलं नाही.

"आता कुठे वळताय?" वहिनींनी विचारलं.

"कुठे नाही," भाऊ म्हणाले. "वायर तपासतोय."