खोगिराचा राखणदार

राखण करावी तर ती मीच! बढाई नाही, अनुभव आहे. माझ्या बेकरीत शिरायचं झालं तर उंदीर आधी दार वाजवून परवानगी मागतो, अशी आमच्या गल्लीत ख्याती आहे. (ती मीच पसरवली, हा भाग वेगळा.) त्यामुळे बायकोच्या खोगिराशी कुणीतरी खेळ करतंय असा मला संशय आला, तेव्हा मी मनाशी पक्कं ठरवलं. चोराला रंगेहाथ पकडायचं!

माझी बायको घोडेस्वारी शिकवते. तिच्या शाळेत एक पांढरी घोडी आहे. तोरा असा की सगळे तिला राणीसरकार म्हणतात. बायकोचा तिच्यावर भारी जीव. माझा वाढदिवस विसरेल, पण घोडीचा खुराक विसरणार नाही.

गेल्या स्पर्धेत ऐन उडीच्या वेळी रिकिबीचा पट्टा तुटला. रिकीब म्हणजे स्वाराने पाय अडकवायची लोखंडी कडी. ती गळून पडली, आणि घोडी अडथळ्याच्या पलीकडे, बायको अलीकडे! मी तुटका पट्टा उचलून पाहिला. कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

"हा घातपात आहे!" मी म्हणालो.

"अहो, पट्टा जुना झाला असेल."

"जुना पट्टा असा तुटतो होय? हे त्या लालटोपीचंच काम!"

लालटोपी म्हणजे बायकोची प्रतिस्पर्धी. बाई कायम लाल टोपी घालते आणि कायम हसतमुख असते. इतकं हसणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं असतंच, असं माझं मत.

त्यात शाळेच्या मालकांनी बॉम्ब टाकला. "पुढच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आलीस तर घोडी आपली. नाहीतर विकून टाकतो. गिऱ्हाईक तयार आहे, त्याच दिवशी मैदानावर येणार आहे."

त्या रात्री बायको जेवली नाही. ताटावरून उठली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. घोडीचं मला फारसं कौतुक नाही, ती मला एकदा चावली आहे. पण बायकोचा तो चेहरा काही बघवेना.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "खोगिराचं मी बघतो."

"तुम्ही काही बघू नका," ती घाईघाईने म्हणाली. "घोडामैदान जवळ आलंय. तुम्ही घोडा आणि मैदान, दोन्हींपासून लांब राहा."

पण लांब राहील तो मी कसला!

योजना साधी होती. केकवर फुलं काढायला आम्ही एक जांभळा रंग वापरतो. कोरडा असताना धुळीसारखा दिसतो, पण जरा ओल लागली की असा चढतो की साबण हात जोडतो. तो पट्ट्यांना लावून ठेवायचा. पट्ट्याला हात लावणाऱ्याच्या घामाने रंग उमटेल आणि चोर रंगेहाथ, अगदी शब्दशः रंगलेल्या हातांनी, सापडेल! बायको स्वार व्हायच्या आधी कोरड्या फडक्याने सगळं पुसून टाकायचं. आहे की नाही डोकं?

स्पर्धेच्या सकाळी बायको अडथळ्यांचा मार्ग पायी चालून बघायला गेली आणि मी कामाला लागलो. नुसती पूड चामड्यावर टिकेना. मग केकवर करतो तेच केलं. रंगात पिठीसाखर मिसळली, पट्ट्यांवर आधी ब्रशने पातळ पाक फिरवला, तो चिकट होईतो सुकू दिला आणि वरून पूड भुरभुरली. काम इतकं सुबक झालं की वर एक चेरी ठेवायचा मोह झाला. मग खोगीर उचलून राणीसरकारच्या तबेल्याच्या अर्ध्या दारावर ठेवलं, तिच्या अगदी नाकाखाली. कुणी परका आला तर ती खिंकाळेल आणि मला कळेल, हा हिशेब.

मी गवताच्या गठ्ठ्यांमागे दडून रस्त्यावर नजर ठेवली. सगळं लक्ष रस्त्यावर. घोडीकडे काय बघायचं? ती तर आपल्याच पक्षातली!

जरा वेळाने लालटोपी आली. इकडेतिकडे बघितलं, थबकली आणि थेट खोगिराकडे गेली. बाईने दोन्ही हातांनी रिकिबीचा पट्टा धरला आणि जोर लावून ओढला!

"चोर! चोर!" मी गठ्ठ्यांवरून उडी मारली. दोन गठ्ठे माझ्याबरोबर आले. "सापडली! रंगेहाथ सापडली!"

माणसं धावली. पंच धावले. बायकोही धापा टाकत आली.

"साहेब, हिचे हात बघा!" मी ओरडलो. "जांभळे असतील तर चोर हीच!"

लालटोपीने हात पुढे केले. पांढरे हातमोजे जांभळेशार! मी विजयी नजरेने बायकोकडे पाहिलं.

"आणि तुमचे हात, साहेब?" पंचांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. उकाड्यात, गवतामागे, मला घाम फुटला होता. कोपरापर्यंत मी जांभूळ झालो होतो. कपाळावरचा घाम पुसला होता, तिथेही रंग असावा, कारण दोन बायका तोंडाला रुमाल लावून उभ्या होत्या.

"अहो भाऊ," लालटोपी दम खात म्हणाली, "पट्ट्याचं दुसरं टोक कुठे होतं ते तरी बघा! मी ते हिच्या तोंडातून ओढत होते!"

तेवढ्यात अर्ध्या दारावरून राणीसरकारने मान वर काढली. पांढरीशुभ्र घोडी, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत जांभळी. तोंडातून पट्ट्याचा चघळलेला तुकडा लोंबत होता. तिने शांतपणे ओठ चाटले आणि माझ्या बाहीचा वास घेतला.

बायकोने तो तुकडा काढून बघितला. कडा कुरतडलेल्या, गेल्या वेळेसारख्याच. मग तिने पट्ट्याला बोट लावून जिभेवर टेकवलं.

"साखर?"

"थोडी पिठीसाखर... आणि पाक," मी म्हणालो.

"आणि गेल्या स्पर्धेला हे खोगीर गाडीतून उचलून कोणी आणलं होतं? बेकरीतून सरळ येऊन, हातसुद्धा न धुता?"

मी हात पाठीमागे घेतले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

पंचांनी हात वर केले. घोडीच्या तोंडाला असला रंग, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मैदानात सोडणार नाही! जनावरांचे डॉक्टर आले तोवर बायकोची पाळी पुकारून झाली होती. "खायचाच रंग आहे, काही होणार नाही," असं ते म्हणाले, पण आता त्याचा काय उपयोग? बायकोने राणीसरकारच्या मानेला मिठी मारली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, याच गठ्ठ्यांखाली स्वतःला पुरून घ्यावं.

मालक आले ते गिऱ्हाइकाला घेऊनच. जाडजूड व्यापारी, आयुष्य घोड्यांत गेलेला. घोड्याचं वय दातांवरून कळतं, म्हणून सवयीप्रमाणे त्याने राणीसरकारचे ओठ वर केले.

दात जांभळे. हिरड्या जांभळ्या. जीभ तर वांग्यासारखी!

"रंग?" तो किंचाळला. "दात रंगवून म्हातारी घोडी गळ्यात मारताय? मला?"

"अहो, तो बेकरीचा..." मालक सांगू लागले.

"घोडीच्या तोंडात बेकरी? मी काय दूधखुळा आहे? सगळ्या बाजाराला सांगतो!" आणि तो तरातरा निघून गेला.

मालकांनी आधी त्याच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. शेवटी म्हणाले, "आता हिला बाजारात कुत्रंही विचारणार नाही. राहू दे इथेच."

बायकोचं रडणं थांबलं. ती आधी मालकांकडे बघत राहिली, मग घोडीकडे, आणि मग माझ्या जांभळ्या कपाळाकडे बघून इतकी हसली की तिला घोडीचाच आधार घ्यावा लागला. मीही लगेच छाती फुगवली. "बघितलंस? म्हटलं नव्हतं, मी बघतो म्हणून?"

हल्ली मी प्रत्येक स्पर्धेला जातो. खोगिराच्या खोलीवर आता पाटी आहे: "परक्यांनी सामानाला हात लावू नये." ती बायकोने लावली. खाली तिनेच एक ओळ वाढवली आहे: "नवऱ्यानेही." आणि त्या दारावर पहारा द्यायला लालटोपी स्वतःहून बसते. मी दिसलो की हसते आणि म्हणते, "भाऊ, आधी हात दाखवा!"