हजेरीत नसलेला मुलगा

नव्या गोळीने चांगदेव गुरुजींचा उजवा हात शांत झाला आणि मागच्या भिंतीशी एक मुलगा येऊन बसला.

कंपवातामुळे दोन वर्षं त्यांच्या हातून खडू सुटत होता. आता ओसरीवरच्या फळ्यावर पुन्हा टपोरी अक्षरं उमटत होती आणि संध्याकाळी आळीतली नऊ मुलं शिकायला येत होती. हा दहावा, टोपीवाला, मात्र एकट्या गुरुजींनाच दिसे. बोलत नसे, पाटी काढत नसे, पण खाडाही करत नसे.

"डॉक्टरला सांगा की," त्यांच्या पत्नी जानकाबाई म्हणाल्या.

"गोळी कमी करतील. मग फळा पुसण्यापुरता उरेन मी."

शेवटी जानकाबाईंनीच तोड काढली. रोज हजेरी घ्यायची. जो वहीत नाही तो गोळीतला, त्याच्याकडे बघायचंच नाही. चाळीस वर्षं हजेरीवर विसंबलेल्या गुरुजींना हे लगेच पटलं.

सोमवारी मागे एक मुलगी दिसली. दोन वेण्या, नवी पाटी. वहीत नाव नव्हतं. आजार वाढला, असं गुरुजींना वाटलं. मुलांना विचारायची सोय नव्हती. गावात बोभाटा झाला तर कोण पोरं पाठवणार? तिने हात वर केला की ते फळ्याकडे वळत. पाटी पुढे केली की तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत. हिने काहीतरी मोठा गुन्हा केला असणार, असं समजून मुलंही गप्प राहिली.

पाचव्या दिवशी अंगणात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. "गुरुजी, मी गोरख. लोणीहून आलोय, मळा वाट्यानं केलाय हितं. माझ्या पोरीचं काय चुकलं? चार दिस तिच्याकडं बघितलं बी न्हाई तुमी."

गुरुजींनी फळ्याकडे तोंड फिरवलं. "म्हणा, सातचा पाढा."

"लई नाव ऐकलं व्हतं तुमचं," गोरख म्हणाला.

तेवढ्यात जानकाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. गोरख घटाघट प्यायला.

"हा पाणी पितोय," गुरुजी पुटपुटले.

"मग? उन्हातून आलाय बापडा."

गुरुजींनी खडू खाली ठेवला. सगळ्यांदेखत त्यांनी टोपीवाल्यापासून सगळं सांगून टाकलं आणि पोरीला नाव विचारून वहीत टपोऱ्या अक्षरात 'समृद्धी' लिहिलं. समृद्धीने पुढचे चार दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना ते रास्त वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ते मंचरला जाऊन डॉक्टरांशीही खरं बोलले. गोळी अर्धी झाली.

आता फळ्यावरची साधी रेघसुद्धा वाकडी येते. मग समृद्धी उठून त्यांचं मनगट धरते. मागची भिंत रिकामी असते. हजेरीच्या वहीत मात्र एक ओळ वाढली आहे. तिथे नाव नाही, नुसतं 'टोपीवाला' आहे. त्यापुढे गुरुजी रोज कापऱ्या हाताने 'गैरहजर' लिहितात, आणि जानकाबाई तिकडे बघतच नाहीत.