पाढे मुके झाले त्याची हकीकत

श्रीगजवदन कृपावंत असो, शारदा जिभेवर बसो. शके अठराशे सत्तर, सर्वधारीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका नगरीच्या मराठी शाळेत वर्तले ते ऐसे. तिसरीचा मुलूख वेणूबाई करमरकर राखीत होत्या. त्यांचा रिवाज असा की, अवघ्या वर्गाने एका सुरात पाढे गर्जावे आणि जो चुके तो बाईंनी डोळे मिटून धरावा. मग गुंडोपंत टेंभेकर हेडमास्तर होऊन तख्तनशीन जाहले. त्यांनी हुकूम फर्माविला, "टाचणी पडली तरी मला कचेरीत ऐकू आली पाहिजे. पाढे मनात म्हणावे."

बाई अर्ज करत्या जाहल्या, "अहो सर, मनातला पाढा तपासू कशी?"

"ओठ बघा! दिपोटीसाहेब तपासणीस येताहेत. निकाल बिघडला तर तुमची रवानगी बिगरीत."

बिगरी म्हणजे नाके पुसण्याचा सुभा. बाई ओठ न्याहाळीत बसल्या, आणि कोण पाढा म्हणतो, कोण चिंच चघळतो हे उमजेना, आणि शिकविणे राहिले ते राहिलेच.

मग साहेबांची स्वारी आली. पुसते जाहले, "बारा आठे किती?" अवघ्या वर्गाने ओठ हलविले, आवाज नाही. साहेबांनी कानात करंगळी घालून गदगदा हलविली, आणि फिरून पुसले, आणि फिरून तेच. मग घाबरे होऊन म्हणाले, "गुंडोपंत, मला ऐकू येईनासं झालं हो! बोला काहीतरी!" गुंडोपंत हुकमाचे पक्के. त्यांनीही नुसते ओठ हलविले. साहेब गाण्याचे शौकीन, ते मटकन स्टुलावर बसले. "आता माझ्या तंबोऱ्याचं काय करू?"

बाईंस बिगरी दिसू लागली. तरी त्यांनी पदर खोचला आणि गर्जल्या, "मेलं ते फर्मान! म्हणा रे बाराचा!"

मग असा गजर उठला की कौलांची धूळ खाली आली. साहेब नाचू लागले, "येतंय! ऐकू येतंय! आणखी मोठ्यानं!" आणि त्या कल्लोळात बाई डोळे मिटून ओरडल्या, "दत्तू, बारा साते चौऱ्याऐंशी!"

साहेबांनी उत्तम शेरा दिला आणि वाटेत कान साफ करविले. गुंडोपंत पुढे वाचनालयाचे कारभारी जाहले, आणि तेथे ऐसी शांतता राखली की वाचकही येईनासे जाहले. वेणूबाईंनी अखेरपर्यंत तिसरीवर राज्य केले. घसा मात्र कायमचा बसला. इतके वर्तमान घडले तैसे सांगितले. त्या वर्गाची मुले आता आजे-आज्या जाहली, आणि एकासही हळू बोलता येत नाही.