सोनाजीभाऊचं उपरणं

सोनाजीभाऊ मापारी न्हाव्याशी दाढीचा भावसुद्धा उपरण्याखाली ठरवायचा. न्हावी वैतागायचा. "अवो भाऊ, दाढी हाये, कापसाची गाडी नाही!" पण भाऊ हलायचा नाही. खांद्यावरचं उपरणं न्हाव्याच्या हातावर पसरायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "बोलू नोको, बोट दे."

मलकापूरच्या बाजारात कापसाचा भाव तेव्हा असाच ठरायचा. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे, आणि भोवतालचं जग त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. आत काय झालं ते दोघांनाच ठाऊक. सोनाजीभाऊचं डोकं असं, की त्यानं ही रीत भांडणांना लावली.

आणि भांडणांना आमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तोटा नव्हता. मी तिथं हजेरी कारकून होतो, सगळं कानावर यायचं. हमाल गाडीवानाच्या अंगावर, वाफेचा बंब पेटवणारा बंबवाला फिटरच्या अंगावर. गिरणीचे खरेदीदार आले की म्हणणार कापूस ओला आहे, आणि जळगाव जामोदहून गाड्या घेऊन आलेले पाटील म्हणणार तुमचे डोळे ओले आहेत. शेवटी मालकानं भाऊला कापूस मोजायच्या कामावरून काढलं आणि भांडणं मिटवायलाच ठेवलं. असली नोकरी नागपूरच्या सरकारातही कोणाला नसेल.

त्याची पद्धत सोपी होती. दोघा भांडखोरांना समोरासमोर बसवायचं, मध्ये उपरणं, आणि उपरण्याखाली एकाचा हात भाऊच्या डाव्या हातात, दुसऱ्याचा उजव्यात. आपली चूक जितकी वाटते तितकी बोटं द्यायची. पाच बोटं म्हणजे सगळं माझंच चुकलं. मूठ म्हणजे माझं काहीच चुकलं नाही. ज्याची बोटं जास्त, त्यानं माघार घ्यायची. भाऊ ओरडायचा, "पटला सौदा!" आणि निकाल सांगायचा. कोणी किती बोटं दिली हे मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

"चारचौघात माणूस खोटं बोलते, कारकूनसाहेब," तो मला म्हणायचा. "उपरण्याखाली त्याले लाज वाटत नाही, मंग खरं बोलते."

एकदा बंबवाला आणि फिटर दोघांनीही मुठी आवळल्या. भर वैशाखात, बंबाच्या शेजारी. भाऊनं दोघांच्या मुठी धरून ठेवल्या, सोडेचना. "घामानं मूठ सुटते," एवढंच म्हणाला. दुपार कलली तेव्हा फिटरनं वैतागून एक बोट काढलं आणि उठून पाणी प्यायला गेला. आम्ही पोट धरून हसलो.

असा हा माणूस. घरी एकटा. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, "बाईचा हात उपरण्याखाली कसा घेऊ बे? मंग सौदा कसा पटन?"

तो हात घ्यायची वेळ आलीच.

आमच्या जिनात बाया काम करत. त्यांच्या दाराला मालक बाहेरून कुलूप घालायचा, कारण काय तर बाया लुगड्यात कापूस नेतात. आत कापसाचा फुफाटा असा, की समोरचं माणूस दिसू नये. एके दिवशी गोदा नावाची बाई खोकता खोकता खाली पडली. बायांनी दार बडवलं, कोणी उघडेना. तेव्हा सरजा नावाच्या बाईनं खिडकीतून हात बाहेर काढून दगडानं कुलूप फोडलं आणि गोदाला बाहेर ओढलं. झालं! मालक म्हणाला, सरजाला आत्ताच्या आत्ता हाकला. बाया म्हणाल्या, सरजा गेली तर आम्हीही जातो आणि कुलूप राहिलं तरी जातो. अंगणात गिरणीचे खरेदीदार उभे, गाड्या खोळंबलेल्या. मालकानं भाऊला हाक मारली.

भाऊनं उपरणं पसरलं. सरजा मागं सरकली. "ये माय, लेकीसारखी हायेस," तो म्हणाला. तिनं हात घातला. मालकानंही घातला.

भाऊ कितीतरी वेळ बसून राहिला. त्याचा चेहरा एरवी दगडासारखा असायचा, त्या दिवशी ओठ हलत होते. मग तो ओरडला, "पटला सौदा! सरजा कामावर राहीन, अन् दाराले कुलूप लागणार नाही!"

बायांनी ओरडून अंगण डोक्यावर घेतलं. मालक काळाठिक्कर पडला. बोलणार काय? त्याचा अर्धा धंदा उपरण्याखालीच चालायचा, आणि समोर खरेदीदार उभे होते; उपरण्याखालचा हात खोटा म्हटला असता तर त्याचेच सौदे मोडले असते. कचेरीत आल्यावर मात्र माझ्यासमोर टेबलावर हात आपटून किंचाळला, "मूठ दिली होती मी, मूठ! आणि त्या बाईनं पाच बोटं दिली, उपरण्याखाली माझ्या हाताला लागली!"

पाच बोटं. कुलूप फोडून जीव वाचवणारीनं म्हटलं, सगळं माझंच चुकलं. मला आजही हे आठवलं की तोंड कडू होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ फाटकाबाहेर. मालकानं तोंडानं काही सांगितलं नाही, पण मुनिमानं बाजारभर केलं, की सोनाजी हात खोटा सांगतो. आणि बाजार तरी कसला हो! ज्यांची अब्रू त्या उपरण्यानं झाकली, तेच लोक त्याला बघून रुमाल खिशात घालायला लागले. न्हावीसुद्धा भाव तोंडानं सांगायला लागला. सरजा त्याच्या घरावरून मान खाली घालून जायची. मला ते बघवेना. मी तिला टोकायला निघालो, तर भाऊनंच अडवलं.

"तिच्यावर काऊन राग काढता? तिले त्याच जिनात राबायचं हाये. दार उघडं हाये ना?"

"हो, आहे."

"मंग झालं."

त्यानं मला घराच्या ओट्यावर बसवलं. मग म्हणाला, "तिनं पाचही बोटं माह्या हातात ठेवली, साहेब. अन् मालकाची मूठ कशी? कोरडी ठक्क. इतके हात धरले, पण तसा हात नाही पाह्यला. कितीही धरला असता तरी त्याले घाम सुटला नसता. म्हणून मी खोटं बोललो. आता मले कोणी हात देत नाही."

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये पसरलं.

"माही चूक किती, तुम्ही सांगा. बोलू नोका, बोट द्या."

मी हात आत घातला आणि मूठ आवळली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली आणि वाट बघत बसला, जसा बंबाशेजारी बसला होता तसाच. माझ्या मुठीला घाम सुटला, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी मी एकही बोट काढलं नाही.