बोंबलाच्या पिशवीतली गोळी

हिराबाई औषध आणत ते सुक्या बोंबलांच्या पिशवीतून. आमच्या घरी मासळी शिजत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "वासाच्या पिशवीत कोण हात घालतो गो ताई?" शहापूरहून मुरबाडला येताना जीपमधली माणसं त्यांच्यापासून अंग चोरून बसत, आणि त्या खूश. गल्लीला वाटे, मी चोरून बोंबील खाते. मी वाटू दिलं. खरं सांगणं त्याहून अवघड होतं.

माझ्या नवऱ्याला एचआयव्ही होता. तो मला होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली, आणि मी ती सोडू नये म्हणून दवाखान्यातून घरोघर औषध पोचवणाऱ्या हिराबाई.

दारात पाय ठेवताच विचारत, "गिळली?" हो म्हटलं तर विश्वास नाही. "आ करा." वाचनालयात लोकांना गप्प बसवणारी मी, स्वतःच्या ओटीवर जीभ काढून उभी! नवरा आतून हसे.

मग तो गेला. हृदय थांबलं. मी गोळ्या बंद केल्या. आता कोणासाठी?

दहाव्याच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि दारात तोच वास.

"सुतकात मासळी?" जाऊबाई किंचाळल्या.

"सुतक माणसाला, बोंबलाला नाय," म्हणत हिराबाई थेट स्वयंपाकघरात. मला कोपऱ्यात ओढून कुजबुजल्या, "अजून महिनाभर घ्यायची, मंग तपासणी. भाऊ गेले. तुमी कुठं चालल्या?" तोंड उघडून बघितल्याशिवाय हलल्या नाहीत. जाऊबाई संध्याकाळपर्यंत गोमूत्र शिंपडत होत्या.

तपासणी झाली. मला काही नव्हतं. डॉक्टरांनी गोळी थांबवली. एकदाची सुटले, असं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा वास.

"हिराबाई, गोळी बंद झाली माझी."

"म्हाईत हाय. म्हणून काय रिकाम्या हातानं यायचं?"

पहिल्यांदाच त्या ओटीवर टेकल्या. पदरानं वारा घेत राहिल्या. मग, डोळखांबच्या जीपची वेळ सांगावी तशा म्हणाल्या, "आमचा घरवाला गेला तवा ही गोळी नव्हती. मला झाला. माझं औषध आता जन्माचं. घरात विचाराया कोण नाय, कदी कदी घ्यायचं ऱ्हातं."

मी उठले, पाण्याचा तांब्या आणला.

"आजची गिळली?"

हिराबाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं. बोंबलांखाली हात घालून पुडी काढली, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या.

"गिळली, बास?"

"आ करा," मी म्हणाले.