माणशी किती गहू?

प्रमिलाने ठरवून टाकलं होतं. आधी ठरवायचं आणि मग नवऱ्याला कळवायचं, ही तिची पद्धत. पुण्याच्या कॉलेजातून तिने बी. ए. ची पदवी आणि ही पद्धत अशा दोनच गोष्टी जळगावला आणल्या होत्या. (पदवी ट्रंकेत होती, पद्धत रोजच्या वापरात.) धुळ्याच्या मुलींच्या शाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळाली होती. गुरुवारी सकाळी हजर व्हायचं. नाही झालं तर जागा दुसरीला जाणार. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, श्रावणातल्या रविवारी, यंदाची कानबाई, खानदेशची देवी, त्यांच्या घरी बसणार होती.

कानबाई म्हटली की रोट आले. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू मोजायचे, दळायचे, त्यांच्या जाडजूड पोळ्या करायच्या. त्या भाऊबंदांनीच संपवायच्या. परक्याला घास द्यायचा नाही, कणभर टाकायचा नाही. आणि रोट संपेपर्यंत त्या घरच्या सुनेने गाव सोडायचं नाही, हे प्रमिलाला पक्कं ठाऊक होतं. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण असल्या घराण्यात आणखी काय असणार!

"माणशी एकेक मूठ घेऊ," ती म्हणाली. "मंगळवारी रोट खलास, बुधवारी मी गाडीत."

"अगं, पण वडीलधाऱ्यांना विचारायला हवं," तिचा नवरा लीलाधर म्हणाला. तो कचेरीत कारकून होता आणि घरातही.

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"विचारायचं नुसतं. करायचं आपल्याच मनाचं. त्यांचा मान राहतो, आपलं काम होतं. आमचे साहेब दुसरं काय करतात?"

प्रमिलाने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा सल्ला ऐकला. त्याचे परिणाम पुढे आहेतच.

ती आधी चुलतसासरे सुकदेव आबांकडे गेली. आबा ओट्यावर सुतळी वळत होते. "आबा, रोटाला माणशी गहू किती घ्यावे?" आबांच्या हातातली सुतळी गळाली. "इतली शिकेल पोर, आणि मले इचारस!" त्यांचे डोळे भरून आले. मग झुलाल नाना. "सुकदेवले इचारं? त्याले काय समजस! बरं झालं, मन्हाकडे उनी." शेवटी घराण्यातल्या सगळ्यांत थोरल्या तानू अक्का. त्या बोळक्या तोंडाने नुसत्या हसल्या. प्रमिला झपाझप घरी आली. मान राखून झाला होता.

शनिवारी ती सुपात मुठी मोजायला बसते न बसते तोच आबा दारात. हातपाय धुतलेले, डोक्याला पांढरं पागोटं. "चाल, काढ गहू!"

"तुम्ही कशाला, आबा?"

"मंग? ज्याले माप इचारं, त्यानीच आपला हातनं माप टाकानं."

"अरे हो," लीलाधर म्हणाला, "असं असतं खरं." (गोष्ट घडून गेली की त्याला ती नेमकी आठवायची.)

आबांचा जन्म मोटेचा नाडा ओढण्यात गेलेला. त्यांच्या एका मुठीत प्रमिलाच्या तीन मुठी बसल्या असत्या. गावातले मोजले, मुंबईला गेलेले मोजले, आपल्या थोरल्या सुनेच्या पोटातला सुद्धा मोजला. ते उठतात तो नाना आले.

"हाई सुकदेवनं माप. मन्हं कोठे शे?"

"नाना, सगळ्यांचं मोजून झालंय!"

"मंग मले कसाले इचारं?"

याचं उत्तर बी. ए. ला नव्हतं. नानांनी मुठीचा नाद सोडून सरळ ओंजळ भरली. मागून अक्का आल्या. त्यांची मूठ चिमणीएवढी, पण स्मरणशक्ती दांडगी. त्यांनी मेलेलेही मोजले.

"अक्का, ते कुठे खायला येणारेत?"

"त्यासना वाटाना तुम्ही खा."

कानबाईच्या नावाने काढलेला दाणा परत कणगीत जात नाही. झालं. पीठ आलं ते हमाल करून.

सोमवारी विसर्जन झालं, भाऊबंद जेवले आणि पांगले. आबांचं पोट बिघडलं, नाना शिंदखेड्याच्या बाजाराला गेले, अक्कांना दात नव्हते. उरली ती रोटांची टोपली आणि ही दोघं. प्रमिलाने रोट दुधात कुस्करून खाल्ले, चटणीशी खाल्ले, शेवटी रागाशी खाल्ले. घरात येरझारा घालत एक घास, घड्याळाकडे बघत दुसरा.

"अहो, खा ना! माझी नोकरी आहे ती."

"खातोय. तुझी नोकरी माझ्या गळ्याशी आलीय."

बुधवारी दुपारी गाडीची वेळ झाली तरी टोपली अर्धी होती. तिन्ही वडीलधारे ओट्यावर पान जमवत बसलेले. प्रमिलाने ट्रंक उचलली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, नाना, अक्का! रोट उरलेत. कुळाचार मोडला तर मोडला. मी धुळ्याला चालले. विचारत नाहीये, सांगतेय!"

आत लीलाधरचा घास तोंडातच थांबला. मग अक्कांनी कुटलेलं पान तोंडात सारलं.

"मंग जाय ना, माय. गाडी चुकी जाई."

"पण... रोट?"

"रोट गडी माणसेसना नावना. गडीच खातीन. तुन्ही मूठ त्याम्हा मोजेलच नही. तू कसाले खाई राहिनी? आम्हले वाटनं, तुले आवडनात."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू गहू इचारात. जावानं कव्हय इचारं?"

प्रमिलाने चाळीसगावला गाडी बदलली, धुळ्याला मैत्रिणीकडे रात्र काढली आणि सकाळी शाळेसाठी मुद्दाम शिवलेलं नवं पोलकं अंगात घातलं. घातलं म्हणजे, हात गेले. एक गुंडी सोडून बाकीच्यांनी मात्र काजांची भेट घ्यायचं साफ नाकारलं. दुसरं पोलकं प्रवासात मळलेलं. शेवटी तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटला, गळ्याशी मुठीत धरला, आणि श्वास आवरत मुख्याध्यापिकाबाईंपुढे उभी राहिली.

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांची मुद्रा हळूहळू खुलली.

"बरं वाटलं हो! शिकलेल्या मुली हल्ली पदर कसाही टाकतात. तुम्ही मात्र घरच्या मोठ्यांच्या सल्ल्यानं चालणाऱ्या दिसता."

प्रमिलाला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण बोलायचं तर श्वास घ्यावा लागतो, आणि एकच गुंडी काय ती लागली होती.

"हो," ती पुटपुटली.