नखांची चहाडी

हेडक्लार्कसाहेबांनी बायकोला मानेवरची केसांची बट कापू दिली, तेव्हा आपण विज्ञानावर उपकार करतोय अशी त्यांची समजूत होती. बायको प्रयोगशाळेत कामाला. माणसाच्या केसांत आणि नखांत जस्त, तांबं, शिसं किती आहे, ते ती मोजायची. साठ धडधाकट माणसं हवी होती आणि एक कमी पडत होतं.

फॉर्मवर प्रश्न होता, 'केसांना कलप लावता का?' साहेबांनी ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं. (दोन वर्षं गुपचूप लावत होते, पण ऑफिसात त्या काळ्याभोर केसांचं इतकं कौतुक व्हायचं, की आता त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता.)

चार दिवसांनी बायको घाबरीघुबरी होऊन घरी आली.

"अहो, तुमच्या केसांत शिसं निघालंय! इतरांच्या वीसपट!"

"मी तर ठणठणीत आहे."

"पोट दुखतं? हात थरथरतात?"

हात थरथरत होतेच. (कारण वेगळं होतं.)

तासाभरात नळाचं पाणी बाटलीत गेलं, जुनी पातेली माळ्यावर गेली आणि खिडकीचा रंग खरवडून पुडीत बांधला गेला.

जेवताना बायको म्हणाली, "चूक माझ्या यंत्राचीच असणार. आमच्या प्रमुख मॅडम साठही नमुने रद्द करतील. तीन महिन्यांचं काम पाण्यात."

साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "अगं…" एवढंच बाहेर पडलं.

"थांबा! मॅडमकडून दोन दिवस मागून घेते. पायाची नखं द्या."

ती साहेबांनी आनंदाने दिली. नखांना त्यांनी जन्मात काही लावलं नव्हतं. ती काय बोलणार?

दोन दिवसांनी बायको शांतपणे समोर येऊन बसली.

"नखं स्वच्छ आहेत. शिसं पोटात गेलं असतं, तर नखांतही उतरलं असतं. फक्त केसांत आहे, म्हणजे बाहेरून लागलंय. बाटली कुठंय?"

साहेब बघतच राहिले. आख्ख्या ऑफिसला दोन वर्षांत जे कळलं नाही, ते हिने पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं! लाज वाटायची सोडून त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला.

"बुटांच्या खोक्यात," ते कौतुकाने म्हणाले.

बाटलीवर बारीक अक्षरांत शिसं लिहिलेलंच होतं. यंत्र सुटलं, उरलेले एकोणसाठ नमुने वाचले. बायकोने फॉर्मवरचं 'नाही' खोडून 'हो' लिहिलं आणि लिहिता लिहिता थबकली.

"म्हणजे दर रविवारी उशीचे अभ्रे स्वतः धुता, ते कलपाचे डाग लपवायला?"

साहेबांनी मान खाली घातली.

"अरे देवा! आणि मी प्रयोगशाळाभर सांगत सुटले, माझा नवरा किती गुणी म्हणून!" तिने बाटली कचऱ्यात टाकली. "कलप आजपासून बंद. अभ्रे मात्र तुम्हीच धुवायचे. प्रयोगशाळेत माझ्या शब्दाला किंमत आहे."